बर्फातील सुट्टी आणि लोणारची वाट

(बुलडाणा येथे पालकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



‘मुले आणि सुट्टी’ या विषयावर बोलण्याचे निमंत्रण आले तेव्हा मी प्रथम नकार दिला होता. ज्याची सारी उमेद वृत्तपत्राच्या कचेरीत गेली, ज्याच्या घरी रविवार आणि सोमवार यांत कधी फरक पडला नाही, त्याने सुट्टीवर काय बोलावे? परंतु संयोजक म्हणाले, “आपण मुलीकडे स्वीडनला जाऊन आलात. तिथला हिवाळा पाहिलात, नातवंडांबरोबर फिरलात. तेच सांगा.” म्हणून आलो. मात्र तिथले सांगताना मला येथलेही सांगावे लागेल, आणि माझी स्वतःची एक चूकही आपल्यापुढे कबूल करावी लागेल. त्याची तयारी ठेवूनच उभा राहिलो आहे.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरच्या आरंभी मी आणि माझी पत्नी स्टॉकहोमला पोहोचलो. मुलगी आणि जावई तेथे नोकरीनिमित्त राहतात. नात सात वर्षांची, नातू तीन वर्षांचा. बुलडाण्याची थंडी आपल्या जिल्ह्यात नावाजलेली. डोंगरमाथ्यावर वसलेले आपले गाव. पौषात पहाटे शेकोटी पेटवल्याशिवाय आपले भागत नाही. त्या भांडवलावर मी निश्चिंत होतो. विमानतळाच्या दाराबाहेर पाऊल ठेवले आणि ते भांडवल एका श्वासात संपले!

थंडीपेक्षाही अधिक जाणवतो तो अंधार. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात स्टॉकहोमचा सूर्य सकाळी पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारी पावणेतीनला मावळतो. मुले शाळेत जातात ती अंधारात आणि परततात तीही अंधारात. आणखी उत्तरेला, आर्क्टिक वृत्ताच्या पलीकडे, कित्येक दिवस सूर्य क्षितिजावर येतच नाही.

त्या अंधारात मला लोकमान्यांची आठवण झाली. १८९३ साली ‘ओरायन’ लिहिणाऱ्या टिळकांनी १९०३ साली ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. वेदांतील उषासूक्तांमध्ये दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या पहाटेची वर्णने आहेत, ती ध्रुवप्रदेशाशी जुळतात, असा त्यांचा तर्क होता. आर्यांचे मूळ स्थान उत्तर ध्रुवाजवळ होते हा त्यांचा निष्कर्ष पुढे टिकला नाही. आजचे संशोधक तो मानत नाहीत आणि आपणही मानत नाही. पण ज्या माणसाने आर्क्टिक कधी डोळ्यांनी पाहिले नाही, त्याने पुण्यात बसून तिथल्या पहाटेचा इतका बारकाईने विचार करावा, याचे कौतुक मला त्या खिडकीत उभे राहून पुन्हा वाटले.

थंडीशी मैत्री

आता मुलांकडे वळू. आपल्याकडे गारवा पडला की पहिले वाक्य काय येते? “बाहेर जाऊ नकोस, सर्दी होईल.” तेथे नेमके उलटे आहे. हवामान वाईट नसते, कपडे अपुरे असतात, अशा अर्थाची त्यांच्याकडे म्हण आहे आणि ते तिच्याप्रमाणे वागतात. तीन वर्षांच्या मुलांच्या बालवाडीतही रोज काही वेळ बाहेर खेळणे ठरलेलेच असते. बर्फ पडत असला तरी. तान्ह्या मुलांना नीट गुंडाळून बाबागाडीत ठेवतात आणि ती उघड्या हवेत झोपतात. माझ्या पत्नीने पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा ती त्या अनोळखी बाळाला घरात नेण्यासाठी धावलीच होती!

यामागे हयगय नाही, पद्धत आहे. अंगाला लागून लोकरीचा पातळ कपडा, त्यावर उबदार दुसरा, आणि सर्वांत वर वारा व पाणी आत न शिरू देणारा अंगभर पोशाख. सुती कपडा आत घालायचा नाही, कारण घामाने तो ओला होतो आणि ओला कपडाच मुलाला गारठवतो. लहान मुलांना बोटे सुटी असलेल्या हातमोज्यांऐवजी बोटे एकत्र राहतील असे मोजे घालतात. बोटांना एकमेकांची ऊब मिळते. अंधारात वाहनचालकाला मूल दिसावे म्हणून कपड्यांवर चमकणाऱ्या पट्ट्या असतात. ऊन कमी, म्हणून तान्ह्या मुलांना ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब देतात. मुलाला थंडीपासून दूर ठेवण्यापेक्षा थंडीत राहण्यास शिकवणे, हे त्यांचे सूत्र आहे.

आणि बाबागाडी ढकलणारे निम्मे तरी वडील असतात, हेही मी पाहिले. मूल जन्मले की स्वीडनमध्ये आईवडील दोघांना मिळून ४८० दिवसांची अंशतः पगारी रजा मिळते. त्यांतील ९० दिवस प्रत्येकासाठी राखीव असतात, ते दुसऱ्याला देता येत नाहीत. माझ्या पिढीतील पुरुषांनी हा आकडा ऐकून घ्यावा. आम्ही मुले वाढवली असे म्हणतो. खरे तर ती त्यांच्या आयांनी वाढवली, आम्ही फक्त प्रगतिपुस्तकावर सह्या केल्या.

जुने दिवे

१३ डिसेंबरला ल्युसियाचा सण आला. नातीच्या शाळेत पहाटेच्या अंधारात मुली पांढरे झगे घालून, एकीच्या डोक्यावर दिव्यांचा मुकुट, अशा रांगेने गात आल्या. नंतर केशर घातलेले छोटे गोड पाव वाटले. केशराचा वास आला आणि पत्नीचे डोळे भरून आले. ल्युसिया ही ख्रिस्ती संत, सिसिलीतील. पण जुन्या पंचांगाप्रमाणे हीच रात्र वर्षातील सर्वांत मोठी मानली जाई, आणि अंधाराच्या टोकाला दिवा लावण्याची माणसाची ओढ धर्मांतराहूनही जुनी आहे.

स्कँडिनेव्हियातील लोक सुमारे हजार वर्षांपूर्वी ख्रिस्ती झाले. तरीही त्यांच्या नाताळाचे नाव आजही ‘यूल’ हे त्याआधीचेच आहे. गुरुवारला ते थॉर या जुन्या देवाचे नाव देतात, बुधवारला ओडिनचे. घराची आणि गोठ्याची राखण करणारा ‘तोम्ते’ नावाचा एक बुटका म्हातारा त्यांच्या लोककथांत आहे. नाताळच्या रात्री त्याच्यासाठी लोणी घातलेली लापशी बाहेर ठेवण्याची प्रथा होती. नातीने हे सांगितले तेव्हा मी तिला म्हटले, “आपल्या शेताच्या बांधावरही असाच एक राखणदार असतो, त्याला आपण नैवेद्य ठेवतो.” तिला ते मुळीच विचित्र वाटले नाही. उलट तिने विचारले, “त्याला लोणी आवडतं का?”

या चित्राला काळी बाजूही आहे, ती लपवू नये. उत्तरेकडील रेनडियर पाळणारा सामी समाज हा तेथील मूळचा. सतराव्या-अठराव्या शतकांत मिशनऱ्यांनी त्यांच्या पूजेतील ढोल जप्त केले, जाळले. त्यांचे पारंपरिक गायन पाप ठरवले. पुढे सामी मुलांना घरापासून दूर निवासी शाळांत ठेवले, तेथे त्यांची भाषा मागे पडली. २०२१ साली स्वीडनच्या चर्चने उप्साला येथील कॅथेड्रलमध्ये सामी समाजाची जाहीर क्षमा मागितली. माफी मागितली हे चांगलेच झाले. पण ज्या मुलाचे आजोबांशी बोलणेच तुटले, त्याचे बालपण कोणती क्षमा परत देणार? आपल्या नातवंडांशी मराठीत बोलताना मला हे सारखे आठवत असे.

सिल्यानच्या काठावर

फेब्रुवारीत तेथील शाळांना एक आठवड्याची ‘क्रीडासुट्टी’ असते. तिचा जन्म मोठा गमतीचा आहे. १९४० साली, महायुद्धाच्या काळात, शाळा गरम ठेवण्यासाठी लागणारा कोळसा वाचवावा म्हणून वर्ग काही दिवस बंद ठेवले. मुलांनी घरात बसू नये म्हणून त्यांना बर्फावर खेळायला पाठवले. युद्ध संपले, कोळसा मिळाला, सुट्टी मात्र राहिली. टंचाईतून संस्कार कसा घडवावा, याचे हे उदाहरण आहे.

जगभरातून, आता भारतातूनही, श्रीमंत कुटुंबे या दिवसांत फिनलंडमधील रोवानिएमीला सांताक्लॉजच्या गावी जातात. ते शहर १९४४ साली माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने जाळून टाकले होते. ते पुन्हा उभे राहिले, १९५० साली एलिनॉर रूझवेल्ट यांच्या भेटीसाठी आर्क्टिक वृत्तावर एक लाकडी घर बांधले गेले आणि १९८५ साली तेथे ‘सांताचे गाव’ सुरू झाले. राखेतून उठलेल्या त्या लोकांनी एका गोष्टीच्या बळावर जग बोलावले, याला मी दाद देतो. आम्ही मात्र तिकडे गेलो नाही. जावई म्हणाले, “त्या खर्चात आपण आठवडाभर डालार्नात राहू.” म्हणून आम्ही आगगाडीने मोरा या गावी गेलो. सिल्यान नावाच्या विस्तीर्ण सरोवराच्या काठावर एक लाकडी घर भाड्याने घेतले. घरात चूल होती, सोबत नेलेली भाजणी होती. बाहेर उणे पंधरा आणि आत गरम थालीपीठ.

सरोवर गोठलेले होते. त्या बर्फावरून आम्ही तीन पिढ्या चालत होतो. नातू घसरगाडीत, जावई ती ओढत. तेव्हा नातीने शाळेत शिकलेले सांगायला सुरुवात केली. फार फार पूर्वी आकाशातून एक प्रचंड दगड येथे पडला, त्यातून हे सरोवर झाले. ते खरे आहे. सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वी येथे अशनी कोसळला. पन्नास किलोमीटरहून अधिक व्यासाचे ते वलय रशिया वगळता युरोपातील सर्वांत मोठे ज्ञात आघात-विवर मानतात. त्या वलयाच्या सखल भागात आज सिल्यान आणि इतर सरोवरे आहेत.

सांगून झाल्यावर तिने विचारले, “आजोबा, बाई म्हणाल्या की भारतातही असं सरोवर आहे. ते तुमच्या गावापासून किती लांब?”

मी म्हणालो, “लोणार. आपल्याच जिल्ह्यात. दोन-अडीच तासांची वाट.”

“मग आईला ते कसं आहे हे माहीत का नाही?”

मी मुलीकडे पाहिले. ती हळूच म्हणाली, “बाबा, तुम्ही मला कधी नेलंच नाहीत.”

मित्रहो, हीच ती चूक. लोणारवर मी किती मजकूर लिहिला असेल! २०२० च्या जून महिन्यात सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा मी धावत गेलो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे सांगितले, तेही छापले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणार रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत गेले, त्याचीही बातमी केली. काठावरचा कचरा, सरोवरात उतरणारे सांडपाणी, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलेले प्रकरण, सर्व लिहिले. पण माझी मुलगी बुलडाण्यात अठरा वर्षे वाढली आणि मी तिचे बोट धरून एकदाही त्या विवरात उतरलो नाही. सुट्टीत आम्ही तिला महाबळेश्वरला नेले, कारण शेजारचे जात होते. सहा हजारांहून अधिक किलोमीटरवरच्या शाळेतील एका बाईंनी माझ्या नातीला लोणार सांगितले, मी सांगितले नाही.

दोन गावे, एक दुःख

त्याच मोरा गावात मार्चच्या पहिल्या रविवारी ‘वासालोपेत’ ही स्कीवरची शर्यत संपते. सालेनपासून मोरापर्यंत ९० किलोमीटर; पंधरा हजारांहून अधिक माणसे तीत उतरतात. आम्ही गेलो तेव्हा तिचीच तयारी चालू होती. मुलांसाठी छोट्या शर्यतीही असतात. १९२२ पासून ही प्रथा चालते. तिच्यामागे इतिहास आहे. १५२० च्या नोव्हेंबरात डेन्मार्कच्या राजाने स्टॉकहोममध्ये स्वीडिश सरदारांची कत्तल केली. तीत तरुण गुस्ताव वासाचे वडीलही मारले गेले. गुस्ताव मोराला आला, लोकांना उठावाचे आवाहन केले, पण लोक कचरले. निराश होऊन तो नॉर्वेच्या दिशेने निघाला. मागाहून कत्तलीची खरी हकीकत गावाला कळली, तेव्हा त्याला परत आणण्यासाठी दोन पटाईत माणसे स्कीवरून धावली आणि सालेनला त्यांनी त्याला गाठले, असे परंपरा सांगते. ६ जून १५२३ रोजी गुस्ताव स्वतंत्र स्वीडनचा राजा झाला. तो दिवस आज त्यांचा राष्ट्रीय दिन आहे. पूर्वजांच्या वाटेवरून उद्याच्या विजयांकडे, अशा अर्थाचे ब्रीद शर्यतीच्या अंतिम रेषेवर लिहिलेले असते. नातीने ते मला मराठीत समजावून सांगितले.

ते ऐकताना माझे मन सिंदखेडराजाला पोहोचले होते. १५९८ साली लखुजी जाधवांच्या वाड्यात जिजाऊंचा जन्म झाला. १६२९ साली देवगिरीच्या किल्ल्यात, निजामशाहाच्या दरबारात, लखुजींची आणि त्यांच्या पुत्रांची दग्याने हत्या झाली. आणि त्यानंतर सात महिन्यांच्या आत, १६३० च्या फेब्रुवारीत, शिवनेरीवर शिवराय जन्मले. माहेर असे उद्ध्वस्त झालेली ती माता पोटात स्वराज्य वाढवीत होती. वडिलांच्या हत्येचे दुःख एका देशात गुस्तावने उठावात पेरले, आपल्या देशात जिजाऊंनी पुत्राच्या मनात पेरले. फरक इतकाच की त्यांची मुले दरवर्षी त्या वाटेवरून प्रत्यक्ष धावतात. आपली मुले जिजाऊंवर निबंध लिहितात. सिंदखेडराजाचा वाडा, लखुजींची भव्य समाधी, मोती तलाव हे सारे आपल्याच जिल्ह्यात आहे. आपल्यापैकी किती पालकांनी ते मुलांना चालत चालत दाखवले, याचे उत्तर प्रत्येकाने मनातच द्यावे.

उतरणीवर

गेल्या जानेवारीत मुलगी मुलांना घेऊन आली. संक्रांत आमच्याकडे झाली. नातीने सांगितले, नॉर्वेतल्या ट्रोम्सो शहरात दोन महिन्यांनी सूर्य परत येतो तो २१ जानेवारीच्या सुमारास, आणि त्या दिवशी मुले ‘सूर्याचे पाव’ खातात. तिच्या आजीने तिच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाली, “आपला हा सूर्याचा लाडू.”

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही लोणारला गेलो. जवळजवळ १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर काठावरून पाहिले तेव्हा नात बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, “हे अख्खं दिसतं!” खरेच आहे. सिल्यान इतके मोठे आणि इतके जुने की त्यावर उभे राहूनही ते विवर आहे हे डोळ्यांना कळत नाही. लोणार एका नजरेत मावते. शिवाय ते बेसॉल्ट खडकात झाले आहे. असे विवर पृथ्वीवर फार दुर्मीळ, म्हणून चंद्र आणि मंगळाचा अभ्यास करणारेही लोणारचे दगड तपासतात. गोमुखाची धार पाहून आम्ही सावकाश उतरलो. वाटेत मोर दिसले. कमळजादेवीच्या देवळाजवळ पत्नीने मुलांना लवणासुराची गोष्ट सांगितली. मी अशनीची सांगितली. दोन्ही गोष्टी मुलांनी सारख्याच कुतूहलाने ऐकल्या. कोणती खरी, असे नातवाने विचारले. मी सांगितले, “एक दगड कसा पडला ते सांगते, दुसरी आपल्या माणसांनी त्याचा अर्थ काय लावला ते सांगते. दोन्ही लक्षात ठेव.”

माझी मुलगी काठाजवळ एकटीच उभी होती. तिच्या पायाशी प्लॅस्टिकच्या बाटल्या होत्या. तिने त्या गोळा करायला सुरुवात केली, मग आम्ही सर्वांनी. एक पिशवी भरली. सिल्यानच्या काठावर मला अशी पिशवी लागली नव्हती, हे नातीच्या लक्षात आले होते. तिने विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही.

विनंती

आपल्यासमोर तत्त्वज्ञान मांडण्याचा माझा अधिकार नाही. चार साध्या विनंत्या आहेत. या हिवाळ्यात तीन दिवस काढा. एक दिवस लोणार, एक दिवस सिंदखेडराजा, एक दिवस शेगाव. १२ जानेवारीला सिंदखेडराजाला लाखोंची गर्दी असते. लहान मुले असतील तर चार दिवस आधी जा, म्हणजे वाडा निवांत पाहता येईल. लोणारला पहाटे पोहोचा, मुलांच्या पायात बूट असू द्या, पाणी सोबत घ्या, पाण्याच्या कडेला लहानग्यांचा हात सोडू नका. आजी-आजोबांना घरी ठेवू नका. खाली उतरवत नसेल तर ते गोमुखाशी बसतील, पण गोष्ट त्यांच्याच तोंडून येऊ द्या. स्वीडन हा एकट्याने राहणाऱ्या माणसांचे प्रमाण युरोपात फार मोठे असलेल्या देशांपैकी एक आहे. तेथील शेजारणीने आमच्या तीन पिढ्या एका घरात पाहून माझ्या पत्नीचा हात हातात घेतला होता. ते आपले धन आहे, ते टिकवा. आणि शेवटची विनंती, परतताना एक पिशवी कचरा सोबत आणा.

परदेशी जाणाऱ्या मुलांना मी अडवणार नाही. माझीच मुलगी तेथे आहे, सुखात आहे. पण जाणाऱ्या मुलाच्या शिदोरीत आपल्या मातीची ओळख आपण बांधून दिली पाहिजे. मी ती वीस वर्षे उशिरा दिली. नातीने मोठ्या मनाने ती स्वीकारली. जाताना लोणारच्या काठावरचा एक काळा खडा मागत होती. मी तिला समजावले की तेथून काही उचलून न्यायचे नसते. ती म्हणाली, “मग मी परत येईन.”

आपल्याही मुलांना असे परत यावेसे वाटो, एवढीच प्रार्थना करतो आणि माझे बोलणे थांबवतो.

वंदे मातरम्!